अळंबीचा ठसा

पावसाळी सहलीत मुले अळंबी दाखवून हमखास विचारतात, "ही खायची का?" विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, किडे लागलेली चांगली, हे समज साफ खोटे. आम्ही ठसा घेतो. देठ कापून छत्री, पापुद्रे खाली करून, निम्म्या पांढऱ्या निम्म्या काळ्या कागदावर ठेवायची. वर वाटी उपडी घालायची. रात्रभरात बीजाणू गळून ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा गुलाबीसर, गवतातल्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट. हिचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच असतात, आणि खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. ठसा मात्र ओळखीपुरता, खाण्याचा परवाना नव्हे! पांढरा ठसा जीवघेण्या अमानिटाचाही असतो. तिच्या बुडाची पिशवी मातीत राहून जाते. म्हणून अळंबी उपटू नये, खणून काढावी.