प्रश्न एकच, भाषा अनेक

कशेळी-भिवंडी पट्ट्यात मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं शेजारी राहतात. या घरांतली मुलं देतात ती वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ मध्ये दहा भाषांत झाली. त्यांत मराठी आणि तेलुगू होत्या, उर्दू मात्र नव्हती. शिवाय प्रादेशिक भाषांतले प्रश्न इंग्रजीपेक्षा वेगळे निघाले. मग गुणांची तुलना करायची कशी? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ पासून उर्दू आली आणि सर्व भाषांना एकच प्रश्नसंच मिळाला. मात्र अनुवादाबद्दल वाद झाला, तर इंग्रजी मजकूरच अंतिम. हा नियम मला अन्यायकारक वाटतो: अनुवादकाच्या चुकीचा भुर्दंड विद्यार्थ्याला का? २०१८ च्या तमिळ प्रश्नपत्रिकेत ४९ प्रश्नांचा अनुवाद चुकल्याचं सांगून मद्रास उच्च न्यायालयाने १९६ वाढीव गुण दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.