दुखत नाही, हेच दुखणं!

मे महिन्यातली दुपार. धुळ्याचा मे म्हणजे काय, हे इथे चार उन्हाळे काढलेल्यालाच कळावं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला आणि गच्चीवर कुरडया घातलेल्या. सकाळी घातलेल्या कुरडया उलटायला मी बाराच्या सुमारास वर गेले. चप्पल दाराशी काढली, अंथरलेल्या साडीच्या कडेला उकिडवी बसले आणि डोक्यावर पदर घेऊन एकेक कुरडई उलटत गेले. काम संपवून खाली आले, माठातलं तांब्याभर पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून पाय पसरले.

समोर सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना आम्ही घरातले सगळेच ‘जिजी’ म्हणायचो. त्यांची नजर माझ्या उजव्या पायाकडे गेली आणि हातातला लसूण हातातच राहिला.

“माय वं, तुना पाय तुले समजत नही का?”

बघते तो काय! अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांखाली टपोरे फोड आलेले. वाऱ्याने साडी उडू नये म्हणून कडेला लोखंडी पट्टी ठेवली होती. टाच साडीवर होती, बोटं मात्र त्या तापलेल्या पट्टीवर टेकली होती. पाऊण तास! मला काहीही कळलं नव्हतं. आताही काही दुखत नव्हतं. जिजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मात्र कोरड्या डोळ्यांनी, दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तशी माझ्या पायाकडे बघत राहिले.

ही गोष्ट २०१० सालची. त्याच्या वर्षभर आधी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. ‘यशस्वी’ झालं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्या यशासोबत आयुष्यभरासाठी घरी काय आलं, ते मला खऱ्या अर्थाने त्या दुपारी समजलं.

सुरुवात झाली ती २००८च्या दिवाळीच्या साफसफाईत. गव्हाची कोठी सरकवायला गेले आणि कमरेत चमक भरली. बायकांच्या कमरेला दुखायचंच, असं आपण सगळ्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. मी शाळेत शिकवायची, त्यामुळे दिवसाचे पाच तास उभ्यानेच. चार दिवसांत ती चमक कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत आणि पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत उतरली. शिंक आली तरी पायात वीज सळसळायची.

मग सुरू झाले उपाय. कुणी म्हणालं उसण भरली, कुणी म्हणालं शीर आखडली. शेक झाला, लेप झाले, पट्टा झाला. एका चोळणाऱ्या बाईंनी तर कमरेवर उभं राहायचंच बाकी ठेवलं होतं. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, हा समज आपल्याकडे घरोघर आहे. शेजारच्या गल्लीतला एक पायाळू मुलगा शोधून आणला गेला. त्या बिचाऱ्याने लाजत लाजत मला तीन वेळा पाय लावला. आज आठवलं की हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. गादी सरकलेल्या मणक्यावर बसलेला एखादा दणका काय करू शकतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

आणि जानेवारी संपता संपता चमत्कार झाला. पाय दुखायचा थांबला! थोड्या मुंग्या यायच्या, अंगठा जरा बधिर वाटायचा, पण ती जीवघेणी कळ नाही. घरात आनंदीआनंद झाला. जिजींनी एकवीरा देवीला नवस बोलला होता. पांझरेकाठच्या देवळात अनवाणी जाऊन मी नारळ फोडला, ओटी भरली, घरोघर पेढे दिले.

वाचकहो, या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, पण एवढं विसरू नका. ते पेढे मी माझ्या एका नसेच्या मरणावर वाटत होते.

वर्गात फळ्याकडून बाकांकडे जाताना उजवं पाऊल फटक् फटक् वाजू लागलं होतं. पायातली अंगठ्याची चप्पल मागे राहायची आणि मी दोन पावलं पुढे. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने चप्पल उचलून आणून दिली. “बाई, तुमची चप्पल राहिली.” वर्ग हसला, मीही हसले. आमच्या ह्यांनी मात्र त्या संध्याकाळी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एकच गोष्ट करायला सांगितली. “टाचांवर चालून दाखवा.” डावं पाऊल उचललं. उजवं उचलेचना. मी मनाने उचलत होते, पाय ऐकत नव्हता. त्यांनी टाचणीने पाय टोचून पाहिला आणि विचारलं, “दुखणं कधी कमी झालं?” मी कौतुकाने तारीख सांगितली. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “दुखत होतं तोवर नस ओरडत होती. आता तिचा आवाज बसलाय.”

नाशिकला जाऊन एमआरआय झाला. त्यांनी चित्र समोर धरून समजावलं, ते इथे थोडक्यात सांगते. आपल्या मणक्यांच्या मध्ये तेवीस गाद्या असतात. बाहेरून चिवट कडी, आत मऊ गर. कडी फाटली की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे निघालेल्या नसेला दाबतो. माझी कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुटली होती. तिथून निघणारी नस पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरून पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्यात पोचते. पाऊल वर उचलायचं कामही मुख्यतः तिचंच. पायाच्या कळेचं हे मूळ बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली नीट मांडलं. त्याआधी माणसं या दुखण्याला वात म्हणत, नशीब म्हणत, नाहीतर बाहेरची बाधा. आमच्या गल्लीत २००९ सालीही त्याला यातलंच काहीतरी म्हणत होते, ते वेगळं.

ऑपरेशन म्हटल्यावर घर हादरलं. ‘मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेवर’ हे वाक्य मला आठवड्याभरात किमान वीस जणांनी ऐकवलं. रात्री झोप लागेना. मुलगी दहावीला, परीक्षा तोंडावर. मी लोळागोळा झाले तर हिचं काय? संमतीपत्रावर सही करताना हात थरथरला. पण खरा तंटा झाला तो जोडव्यांवरून. अंगावर धातू ठेवायचा नाही, असं रुग्णालयाने सांगितलेलं. रक्तस्राव थांबवायला विजेवरचं उपकरण वापरतात, त्याने धातूपाशी भाजण्याचा धोका असतो. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. जोडवी मात्र वीस-बावीस वर्षांत बोटात रुतून बसलेली. शेवटी सोनाराने येऊन ती कापली. जिजी देवघरात जाऊन बसल्या, बाहेर आल्याच नाहीत. त्यांना वाटलं हा अपशकुन. मला वाटलं ते निराळंच. डाव्या बोटातलं जोडवं कापताना कसं चावलं, कसं ओढलं, ते कळलं होतं. उजव्यातलं कधी निघालं, ते सोनाराने सांगितल्यावर समजलं.

ऑपरेशनला दीडेक तास लागला. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं, चालवलं. खाटेवर पडून राहण्याची भीती तिथेच मेली. पण पायाचा बधिरपणा तसाच. मी विचारलं, “हे कधी जाईल?”

खरं तर हा प्रश्न मी सही करण्याआधी विचारायला हवा होता. आपण सगळे विचारतो, ‘दुखणं जाईल ना?’ ‘गेलेलं परत येईल का?’ हे कुणी विचारत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने नसेवरचा दाब निघतो, नस दुरुस्त होत नाही. ती आपली आपण सावरते, फार सावकाश. तिचे तंतू पुन्हा वाढायचे तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर अंतर. मी मनातल्या मनात भागाकार केला. तीन वर्षं!

ती तीन वर्षं मी मोजली. दर पहिल्या तारखेला कापसाचा बोळा घेऊन पोटरीपासून खाली फिरवायचा आणि कुठे कळेनासं होतं तिथे पेनाने रेघ मारायची. रेघ हळूहळू खाली सरकली. व्यायामाने पाऊलही बरंचसं उचलू लागलं, चप्पल वाजायची थांबली. पण घोट्याखाली रेघ अडली ती अडलीच. २०१२च्या मार्चमध्ये मी कापूस फेकून दिला. रडले. कारण कुणाला सांगायचं? बघणाऱ्याला मी धडधाकट. “ऑपरेशन झालं ना, आता काय राहिलं?” लंगडत्या माणसाला बसायला जागा मिळते, बधिर पायाला कुणी विचारत नाही.

फोडांच्या त्या दुपारनंतर मलमपट्टी करताना डॉक्टरांनी मला डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट सांगितली होती. हे सर्जन १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं ‘झडतात’, असं तेव्हा जग मानत होतं. ब्रँडनी दाखवून दिलं की बोटं रोगाने सडत नाहीत. नसा बधिर होतात, मग माणूस तापलं भांडं धरतो, खिळ्यावर चालतो, त्याच जखमेवर चालत राहतो. वेदना नावाचा पहारेकरी नाही, म्हणून घर लुटलं जातं. काही रुग्णांची बोटं तर रात्री उंदीर कुरतडत आणि त्यांना जाग येत नसे. म्हणून त्यांना सोबत मांजर दिलं जाई.

हे ऐकताना मला बाबा आमटे आठवले. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून त्यांनी आयुष्य काढलं ते वेदना हरवलेल्या माणसांत. आणि त्यांचा स्वतःचा मणका मात्र असा झिजलेला की वर्षानुवर्षं त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. १९९०मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. सरदार सरोवरात बुडणारी अक्राणी-अक्कलकुव्याची गावं तेव्हा आपल्याच धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८मध्ये. आमच्या आग्रा रोडने सेंधवा ओलांडलं की बडवानी आणि तिथून जवळच कसरावद. त्या मणक्याने माणूस काय काय करतो, हे आम्हाला फार लांबून बघावं लागलं नव्हतं. मग मी चार बोटांसाठी किती दिवस रडायचं?

रडणं थांबलं, पण शिस्त लागली. कातडीचं काम आता डोळ्यांनी करायचं. रोज रात्री तळवा आरशात बघायचा. चप्पल-बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, खान्देशात विंचवाला कमी नाही. अंघोळीच्या पाण्याचा अंदाज पायाने नाही, कोपराने घ्यायचा. गरम पिशवीचा शेक बंद. घरातसुद्धा अनवाणी नाही. चप्पल मऊ तळव्याची आणि मागे पट्टा असलेली. बधिर पायासाठी मऊ रबरी तळव्याच्या चपला मिळतात, त्या आधी कुष्ठरोग्यांसाठी निघाल्या. एकवीरेच्या देवळात मात्र चप्पल काढावी लागते, म्हणून मी मोजे घालून जाते. पहिल्यांदा लोकांनी बघितलं. देवीने काही मनावर घेतलेलं दिसत नाही.

आता थोडं तुमच्यासाठी. कंबर दुखली की ऑपरेशन, असं मुळीच नाही. सरकलेल्या गादीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत औषध, व्यायाम आणि धीर एवढ्यावर बरे होतात. पण पाऊल किंवा अंगठा उचलेनासा झाला, बधिरपणा वाढत चालला, तर चोळणाऱ्याकडे न जाता डॉक्टर गाठा. आणि बैठकीच्या जागी, मांड्यांच्या आतून बधिर वाटू लागलं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर सकाळचीही वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो. आणि दुखणं एकाएकी थांबलं तर पेढे आणण्याआधी टाचांवर चार पावलं चालून बघा.

जिजींचं सांगायचं राहिलंच. त्या फोडांच्या रात्रीपासून त्या झोपण्याआधी बॅटरी घेऊन माझ्या पायाशी बसायच्या. सासूने सुनेचा पाय हातात घ्यायचा, मला कसंनुसं व्हायचं. मी पाय ओढून घेतला की त्या रागवायच्या. पुन्हा जोडवी करायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सोनाराला सांगितलं, “डाव्या पायाचंच कर.” ज्या बाईने जोडवं कापलं म्हणून दोन दिवस अन्न गोड मानलं नव्हतं, ती हे म्हणाली.

पुढे त्यांना मधुमेहाने गाठलं आणि त्यांचेही तळवे बधिर झाले. मग आमची पाळी बदलली. आधी त्या माझा पाय बघायच्या, मग मी त्यांचा. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या तळव्यावर एकही जखम नव्हती, याचं मला आजही समाधान आहे. आता माझ्या पायाशी बॅटरी घेऊन हे बसतात.

तुमच्याही घरात मधुमेह असलेलं, नाहीतर मणक्याचं दुखणं काढलेलं कुणी असेल. आज रात्री त्यांचे तळवे बघा. ते म्हणतील, “काही दुखत नाही रे.” तरी बघा.