परसबाग: देखणी नसली तरी चालेल

रानात कपाशी-सोयाबीन, अन् मेथीची जुडी मात्र आठवडी बाजारातून. असं किती घरी चाललंय? परसबागेला विकतची कुंडी लागत नाही, वाफे वाकडे असले तरी भाजी येते. फक्त एवढं सांभाळा:

१) आधी ऊन बघा. ५-६ तास ऊन नसेल तिथं वांगी, टोमॅटो नुसते वाढतात, फळ धरत नाहीत. मोरीच्या सावलीत अळू लावा.

२) सगळं बी एकदम टाकू नका. मेथी दर १०-१२ दिवसांनी मूठभर पेरा. एकदम पेरली की निम्मी जून होते.

३) दोडका, कारलं कुंपणावर चढवा. मांडवाचा खर्च वाचतो.

४) गावरान वाणाचं एक चांगलं फळ बियाण्याला राखा. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढं तसंच पीक येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: तणनाशकाचा पंप परसबागेत नेऊ नका. धुतला तरी अंश राहतो. औषधाच्या रिकाम्या डब्यात रोपही नको. ही भाजी सकाळी खुडली की दुपारी लेकरांच्या ताटात असते. मावा दिसला तर १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा.

दोन-चार पानं किडकी निघणारच. ती खुडून टाका, बाकीची भाजी खुशाल शिजवा.

– तुमचा कृषी सल्लागार