काळारामाच्या पलीकडचे दादासाहेब

मुंबई नाक्याजवळच्या दादासाहेब गायकवाड सभागृहात नाशिककर मेळाव्यांना जातात, कार्यक्रमांना जातात. पण हे दादासाहेब कोण, असं विचारलं तर उत्तर बहुधा एका वाक्यात संपतं: काळाराम मंदिर सत्याग्रहवाले. उत्तर खरं आहे, पण अर्धं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १९०२ सालचा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. दलितांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई आणि लंडनची गोलमेज परिषद सांभाळायची होती. नाशिकची आघाडी राहिली भाऊरावांच्या खांद्यावर. त्यासाठी तुरुंगही पाहिला. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांनाच पत्र लिहून कळवलं की हा लढा आता थांबवा, शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवा.

भाऊरावांनी ती वळवली. १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबई विधानसभेत गेले. तिथे पक्षाचा भर होता खोती (कोकणातली जमीनदारी) आणि महार वतन रद्द करण्यावर, म्हणजे जमिनीवर. वतनाची जमीन नावापुरती; तिच्या बदल्यात सरकारची आणि गावाची राबणूक पिढ्यान्‌पिढ्या. ही वतनं कायद्याने गेली १९५८ साली. तोवर भाऊराव ‘दादासाहेब’ होऊन लोकसभेत पोचले होते. १९५७च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकने बाबासाहेबांच्याच पुढच्या पक्षाच्या, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या या उमेदवाराला दिल्लीला धाडलं. त्याच वर्षी फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की खासदार झाल्यावरही हा माणूस रस्त्यावरून उठला नाही. १९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्यात, खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पड जमीन, गायरान (गावचं सामायिक कुरण) कसणाऱ्याच्या नावे करा, ही मागणी. १९६२ पासून ते राज्यसभेत होते; तरी ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर पुन्हा सत्याग्रह सुरू झाला आणि तुरुंग भरले. मागण्यांत जमीन होती, किमान वेतन होतं, आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावावं, हीही होती. ते चित्र लागलं १९९० साली.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी जुळवून घेतलं. कार्यकर्त्यांतल्या अनेकांना ते रुचलं नाही, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे: त्या हातमिळवणीत रिपब्लिकन पक्षाची धार गेली ती पुन्हा आली नाही. मात्र या एका निर्णयाने आधीची तीस वर्षं पुसून टाकणं अन्यायाचं आहे. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच साली राज्यसभेची मुदत संपली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

राज्य सरकारने २००४ मध्ये ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’ आणली: भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. पण दादासाहेबांनी मागितलेलं गायरानाचं वाटप निराळं आणि त्यांच्या नावाची ही योजना निराळी. इथे जमीन सरकारने विकत घ्यायची आणि मग द्यायची. विकायला कुणी तयार असेल तरच.