एकच वजन, दोन शब्द

'तब्येत' हा शब्द तुम्हांला उर्दूतून परिचयाचा आहे. मराठीतही तो रोज वापरतात, पण त्याची एक गंमत आहे. सुट्टीनंतर एखादा मुलगा अंगाने भरला, की आमच्या सातारा-सांगलीकडे म्हणतात, "वा! तब्येत सुधारली!" त्याची बहीण तेवढीच भरली, तर तीच माणसे म्हणतात, "किती जाड झालीस गं! आता भात कमी कर." वजन दोघांचेही तीन किलोच वाढलेले असते.

लग्नाच्या दावतीत हे हमखास दिसते. खालाजान मुलाच्या ताटात आग्रहाने आणखी बिर्याणी वाढतात आणि मुलीच्या ताटाकडे नुसते पाहतात. ते पाहणेही पुरेसे असते. माझ्या वर्गातील एका मुलीने अशाच एका दावतीनंतर डबा आणणे बंद केले होते. पुढे ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली, तेव्हा कारण कळले.

बारीक मुलांचीही सुटका नाही. जाड माणसाला तोंडावर जाड म्हणू नये, हे पुष्कळांना समजते. पण बारीक मुलाला 'काडीपैलवान' म्हणताना कोणालाही संकोच वाटत नाही. "घरी जेवायला मिळत नाही का रे?" असे हसत हसत विचारतात. ज्याच्या घरी खरोखरच कमी असते, त्याने काय उत्तर द्यावे?

आपला भाग कुस्तीचा आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवानांची व्यायामाची जागाही तालीमच. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. अशा भारदस्त पैलवानांचे सर्वांनाच कौतुक! मात्र कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अंगाने लहान होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांची शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घेण्यास नकार दिला. खाशाबांनी प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळवली आणि मोठ्या अंगाच्या मल्लांना चीत केले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मग वजन योग्य आहे की नाही, हे कसे ठरवतात? किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या क्वेतले यांनी मांडले. ते डॉक्टर नव्हते, तर गणित व खगोलशास्त्राचे अभ्यासक होते. या सूत्राला स्नायू आणि चरबी यांतील फरक कळत नाही, म्हणून धडधाकट पैलवानही त्यात 'जास्त वजनाचा' ठरू शकतो. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी तर वयानुसार वेगळे तक्ते असतात. शिवाय गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले तर वजन वाढते, अती वाढले तर घटते. यांतले काहीही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आरोग्य तपासणीच्या दिवशी काही शाळांत प्रत्येकाचे वजन मोठ्याने वाचतात आणि वर्ग हसतो. आकडा कार्डावर लिहून ते कार्ड विद्यार्थ्याच्या हाती दिले, तरी काम होते. त्याला वेळही जास्त लागत नाही.