घाबरायचं ते गंजाला नव्हे, भेगेला

पुण्याच्या जुन्या बाजारात हत्यारं जमिनीवरच मांडलेली असतात. त्यांत एखादा तरी बेंच व्हाइस हमखास असतो. अंग तांबूस, दांडा वाकलेला, जबडा अर्धवट उघडा राहून तिथेच अडकलेला. गिऱ्हाईक त्याचा रंग बघून पुढे सरकतं आणि विकणाराही तो भंगाराच्या भावात द्यायला तयार होतो. दोघंही नको तिथे बघत असतात. गंजाने कामातून गेलेला व्हाइस क्वचितच सापडतो. व्हाइसची वाट लावतात ती हातोड्याचे घाव, दांड्यावर चढवलेला पाइप आणि मागाहून कुणीतरी घाईत मारलेलं वेल्डिंग.

बहुतेक व्हाइसचं अंग बिडाचं असतं. बीड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र सोसत नाही. स्क्रू आवळला की पकडलेला तुकडा दोन्ही जबड्यांना बाहेर ढकलतो आणि जबड्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, नेमका ताणच येतो. हाताच्या जोराचा हिशेब धरून तिथलं बीड जाड ठेवलेलं असतं. दांड्यावर तीन फुटी पाइप चढवला की तो हिशेब मोडतो. पूर्वीच्या लोहाराकडचा लांब पायाचा व्हाइस घडीव लोखंडाचा असायचा, त्याचा पाय जमिनीपर्यंत जायचा आणि घणाचा घाव थेट जमिनीत उतरायचा. बिडाच्या व्हाइसला असा पाय नसतो. त्यावर ऐरणीसारखं काम करणाऱ्याला एक दिवस हातात तुकडे मिळतात.

म्हणून विकत घेण्याआधी लहान हातोडीने टकटक करावं. आवाज खणखणीत आला तर बरं, भद्द आला तर शंका घ्यावी. घरी आणल्यावर त्याहून चांगली जुनी परीक्षा करता येते. संशयाच्या जागी रॉकेल चोळायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड लावायची. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवतं. रेल्वेच्या कारखान्यांत आंस आणि चाकं तपासायला तेल-खडूची हीच युक्ती चालत असे. रंगाखाली पितळी रेघ दिसली तर जोड आधीच दिलेला आहे असं समजावं. जबड्याच्या मुळाशी जोडलेला व्हाइस मी फुकटही घेणार नाही.

भेग नसेल तर पुढचं काम बव्हंशी धीराचं. दांडा फिरवत राहिलं की पुढचा जबडा स्क्रूसकट बाहेर निघतो. अडवतात ते पोलादी जबडापट्ट्यांचे स्क्रू. लोखंडाचा गंज होताना त्याची जागा दुपटीहून जास्त होते, त्यामुळे आटे आतून ठासून बसतात. इथे जोर लावला की स्क्रूचं डोकं उडतं. पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावं, मग भोवतालचं बीड तापवावं, आणि स्क्रू सोडवण्याआधी तो किंचित आवळून बघावा.

गंज काढायला माझी पसंती विजेला. प्लास्टिकचा टब, पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बारा व्होल्टचा जुन्या धाटणीचा बॅटरी चार्जर. नवे इलेक्ट्रॉनिक चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, म्हणून जुना हवा. ऋण टोक व्हाइसला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पत्र्याला. उलट जोडलं तर व्हाइसच झिजू लागतो. बरोबर जोडलं की व्हाइसवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तांबडा गंज सुटतो, काही काळा होऊन ब्रशने निघण्याइतका सैल पडतो आणि खालच्या चांगल्या धातूला धक्का लागत नाही. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, क्लोरीन सुटतो. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा टब उघड्यावर ठेवावा आणि वीज बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

विजेशिवायचा रस्ता उसाच्या मळीचा. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि काही आठवडे वाट. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून विरघळवतात. पातेलं आंबतं आणि शेजारी चौकशीला येतात. काकवीनेही हे काम होतं म्हणतात, पण काकवी भाकरीबरोबर खाण्याची गोष्ट आहे. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व लवकर काम करतं, मात्र विसरून राहिलं तर चांगला धातूही खातं.

बाहेर काढलेलं बीड लगेच धुऊन, तापवून कोरडं करावं आणि तेल लावावं, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबडं होतं. कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. अमेरिकेतल्या विल्टन कंपनीने गंज आधीच ओळखला होता. १९४१ साली शिकागोत ह्यू व्होगल या चेक स्थलांतरिताने ती सुरू केली. तिच्या गोळीसारख्या आकाराच्या व्हाइसमध्ये स्क्रू पूर्ण झाकलेला असतो. कीस, धूळ, ओल आत जात नाही. आपल्याकडच्या उघड्या स्क्रूला ग्रीस लागतं आणि ते अधूनमधून पुसून पुन्हा भरावं लागतं.

रंगाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. नवा रंग अंगाला द्यावा, सरकत्या भागाला आणि जबड्यांना नाही. कुणाच्या तरी चुकलेल्या ड्रिलच्या खुणा पुट्टीने बुजवण्यात वेळ घालवणारे लोक मला कळत नाहीत.

बसवताना स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा, म्हणजे लांब सळई सरळ खाली लोंबती पकडता येते. ठोकायचंच झालं तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेने. जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांच्या हाती कानस देताना हेच आधी बघतात, आणि मुलाची उंची कमी पडली तर पायाखाली फळी टाकतात.