नवी बॅटरी, तरीही ‘टक्’

गेल्या खेपेला आल्टर्नेटरचं कबूल केलं होतं, पण आज तो बाजूला ठेवतोय. रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. सकाळी किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ होतं, सेल्फ फिरत नाही. चार-पाचदा किल्ली मारली की कधीतरी गाडी चालू होते. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. आता गॅरेजवाले सेल्फ बदला म्हणताहेत. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय, की हेडलाइट मात्र लख्ख लागतात, टक् झाल्यावरही मंद होत नाहीत. मला या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच वाटतं.

बॅटरी उतरलेली असती, तर किल्ली फिरवताच दिवे मंदावले असते आणि टकटकटक अशी माळच लागली असती. सेल्फ जाम असता तरी दिवे मंदावले असते, कारण जाम सेल्फ करंट भरपूर ओढतो. इथे दिवे ढिम्म हलत नाहीत, म्हणजे करंट सेल्फमधून जातच नाहीये. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजले तरी असं होतं. पण गाडी कोकणातली, खाऱ्या हवेतली. मी असतो तर आधी इंजिनाची अर्थ पाहिली असती.

इंजिन गाडीत रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फ इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला बोल्टने घट्ट बसवलेला असतो, त्याचा करंट परत बॅटरीच्या मायनसला जायचा तो अर्थच्या जाड केबलनेच. हेडलाइटची अर्थ थेट बॉडीवर असते. त्यामुळे इंजिनाची अर्थ कुजली तरी दिवे लख्ख राहतात, आणि बिचारी बॅटरी बदलली जाते.

जरा आकडे पाहू. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सहज १५० अँपिअर घेतो. अर्थच्या जोडावर गंज चढून तिथे ०.०२ ओहम अडथळा आला, तर १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. त्याच जोडातून ५ वॅटचा बल्ब लावून पाहिला, तर तो ०.४ अँपिअरच घेतो आणि तूट पडते ०.००८ व्होल्ट. बल्ब झकास पेटतो! म्हणून टेस्ट लॅम्प लावून ‘अर्थ ओके आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अर्थ तपासायची ती भार घालूनच.

हे मी ठेचा खाऊन शिकलो. माझ्या मारुती ८०० चं क्लचचं काम एका गॅरेजमध्ये केलं होतं. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर जेमतेम घरघरला, आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला तर चटका बसला. गिअरबॉक्स चढवताना अर्थची पट्टी लावायचीच राहिली होती, आणि सेल्फच्या करंटने त्या केबलमधून वाट काढली होती! कुठलीही केबल विनाकारण तापली, की तेव्हापासून माझा हात आधी अर्थकडे जातो.

आता तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा. लक्षात घ्या, वरच्या क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक, आणि १-२ व्होल्ट दिसले तर चोर सापडला. मीटर नसेल तर जंप केबलची एकच वायर घ्या, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या धातूपर्यंत लावा आणि सेल्फ मारा. गाडी झटक्यात चालू झाली, तर सेल्फ बदलायची गरज नाही.

दुरुस्ती अगदी साधी आहे. बॅटरीचा मायनस आधी काढा आणि परत जोडताना तो शेवटी लावा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. अर्थचा बोल्ट सोडवा. केबलचं टोक आणि ते टेकतं ती जागा, दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. बोल्ट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. केबलच आतून हिरवी पडली असेल तर नवी घाला, तेवढ्याच जाडीची.

रत्नागिरीच्या वाचकांनी आकडा किती आला ते जरूर कळवावं. ०.२ च्या आत आला, तर मग सोलेनॉइड उघडू. आल्टर्नेटर पुढच्या आठवड्यात. त्यासाठी मल्टीमीटर लागणारच आहे. साधा डिजिटल चालेल, फक्त २० व्होल्टच्या रेंजवर दोन दशांश स्थळं दाखवणारा बघून घ्या.